मेंदूत रक्तस्राव म्हणजे ऑपरेशनच?

"मेंदूत रक्तस्राव झाला की लगेच ऑपरेशन, नाहीतर माणूस गेला." इंदूरच्या मराठी घरांत हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं सरसकट नसतं. रक्तदाब वाढून खोलवर थोडं रक्त साचलं, तर तिथवर पोचताना मेंदूचा चांगला भागच दुखावू शकतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या, हजारावर रुग्णांच्या अभ्यासात सर्वांनाच लवकर ऑपरेशन केल्याचा एकूण फायदा दिसला नाही. म्हणून बऱ्याचदा आधी रक्तदाब आटोक्यात आणतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उतरवतात, सीटी स्कॅन पुन्हा बघतात. लहान मेंदूत (डोक्यात मागे, खालच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात) ३ सेंटिमीटरहून मोठी गुठळी असेल आणि शुद्ध हरपत चालली असेल, तर मात्र ऑपरेशननं जीव वाचू शकतो. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना विचारा: रक्त कुठे, किती मिली, मेंदू बाजूला सरकलाय का? विचारायला संकोच नको, तुमचा हक्कच आहे तो.