दोन्ही ९.९ हॉर्सपॉवर, मग एक जड आणि महाग का?

इंदूरला समुद्र नाही, त्यामुळे होडीच्या इंजिनाबद्दल मला कधी कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. आयुष्य गेलं शेतीचे पंप विकण्यात. पण भाचा मुंबईला असतो. तिथे त्याने तीन मित्रांबरोबर वीस फुटांची एक जुनी शिडाची होडी घेतली. दिवाळीला आला तेव्हा पोह्यांच्या बशीशेजारी दोन माहितीपत्रकं ठेवून म्हणाला, "मामा, दोन्ही इंजिनं यामाहाची, दोन्ही ९.९ हॉर्सपॉवरची, सिलिंडरही दोन्हींना दोन-दोन. मग हे दुसरं जड आणि महाग का? दांडा लांब आहे म्हणून?"

एकाचं नाव एफ ९.९, दुसऱ्याचं टी ९.९. टी म्हणजे हाय थ्रस्ट, म्हणजे जास्त रेट्याचं. दांडा म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणारा पाय; त्याची लांबी हा निराळा प्रश्न आहे आणि लोक नेमके हे दोन प्रश्न एकात एक कालवतात. (आकडा ९.९च का, १० का नाही? अमेरिकेत अनेक तलावांवर दहा हॉर्सपॉवरच्या आतलीच इंजिनं चालतात. आपल्याकडे पन्नास रुपयांची वस्तू एकोणपन्नासला विकतात, त्यातलाच प्रकार.)

आता पंपाकडे वळू, कारण मला तेच कळतं आणि होडीचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाही शेवटी पंपच. पाच हॉर्सपॉवरचा एक पंप तीनशे फुटांच्या बोअरमधून दीड इंची पाइपात मावेल एवढंच पाणी वर आणतो. पाच हॉर्सपॉवरचाच दुसरा पंप नाल्यातून वीस फूट वर उचलताना चार इंची पाइप भरून ओततो. ताकद तीच, पण एक थोडं पाणी खूप उंच नेतो, दुसरा खूप पाणी थोडंसं उचलतो. नाल्यावर बोअरचा पंप बसवणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हात जोडून परत पाठवलेलं आहे. होडीत मात्र हीच चूक सर्रास होते.

साधं एफ ९.९ हे हलक्या, पाण्यावर उडत जाणाऱ्या होडीसाठी आहे: रबरी डिंगी, मासेमारीची ॲल्युमिनियमची होडी. त्याचा पंखा लहान, सव्वानऊ इंचांच्या आसपास व्यासाचा, आणि तो जोरात फिरतो. टी ९.९चा पंखा पावणेबारा इंचांच्या घरातला, सावकाश फिरणारा. हा फरक गिअरमधून येतो. एफचं गुणोत्तर २.०८, टीचं २.९२. म्हणजे इंजिन मिनिटाला ५५०० फेरे घेत असेल तर एफचा पंखा साधारण २६४० फेरे घेतो आणि टीचा १८८०.

या आकड्यांना पिच जोडलं की चित्र उघडं पडतं. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात स्क्रूसारखा किती पुढे सरकेल ते अंतर. एफला ९ इंच पिचचा पंखा लावला असं धरा. पाणी घट्ट लाकडासारखं असतं तर त्याने होडी ताशी ३६ किलोमीटरने नेली असती. टीला ७ इंचांचा लावला तर ताशी २०. आणि भाच्याची होडी जाते किती? पाण्यालगतची लांबी सतरा फूट. अशा होडीच्या कमाल वेगाचा ठोकताळा आहे: सतराचं वर्गमूळ गुणिले १.३४, म्हणजे साडेपाच नॉट, ताशी जेमतेम दहा किलोमीटर. अशी जड होडी पुढे जाताना स्वतःचीच लाट उठवते. त्या वेगाला लाटेची लांबी होडीएवढी होते, आणि त्यापुढे वेग वाढवायचा तर स्वतःच्याच लाटेवर चढावं लागतं. तेवढी ताकद छोट्या इंजिनात नसते. तेव्हा ताशी ३६ची तयारी करून आलेला पंखा दहावर चालवायचा, म्हणजे भरलेला ट्रक भेरूघाटात चौथ्या गिअरमध्ये चढवायचा. ट्रक बंद पडतो. होडीचं इंजिन बंद पडत नाही, कारण पाणी घसरू देतं. ते नुसतं कण्हत राहतं. पूर्ण थ्रॉटल देऊनही फेरे ठरलेल्या ५००० ते ६०००च्या पट्ट्यात पोचत नाहीत, चार हजारांवर अडकतात. आणि ९.९ हॉर्सपॉवर तर वरच्या फेऱ्यांनाच मिळते. ज्या ताकदीचे पैसे मोजले, ती तुमच्या हाती येतच नाही.

दुसरी गोष्ट थोडी आडवळणाची, पण खरी मेख तीच. होडीला मिळणारा रेटा वाढतो मागे फेकलेल्या पाण्याच्या वेगाच्या पटीत. इंजिनाच्या ताकदीचा खर्च वाढतो त्या वेगाच्या वर्गात. म्हणून थोडं पाणी जोरात फेकण्यापेक्षा भरपूर पाणी सावकाश ढकलणं स्वस्त पडतं. मोठा, संथ पंखा हेच करतो.

पण टी घेतल्याने होडी पळायला लागते, हा गैरसमज नको. वारा नाही, पाणी शांत आहे, अशा सकाळी दोन्ही इंजिनं तिला त्याच साडेपाच नॉटपर्यंत नेतील आणि भाचा म्हणेल, मामाने उगाच पैसे घालवले. फरक कळतो समोरून वारा आल्यावर. शीड उतरवलं तरी डोलकाठी, दोर, बाजू, सगळं वाऱ्याला अडतं. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी जवळजवळ पाच मीटरपर्यंत चढतं. तेवढं पाणी सहा तासांत आत येतं आणि पुढच्या सहा तासांत बाहेर जातं म्हटल्यावर ओढ किती असेल ते समजा. तिथे वेग लागत नाही, रेटा लागतो.

सगळ्यात जास्त फरक रिव्हर्समध्ये. बहुतेक आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायच्या अशा इंजिनांचा, धूर पंख्याच्या मधल्या नळीतून मागे जातो. पुढे जाताना तो मागच्या मागे निघून जातो. रिव्हर्स टाकला की पंखा तोच धूर परत स्वतःकडे ओढतो, पात्यांभोवती पाण्याऐवजी फेस होतो आणि पकड सुटते. भाच्याच्या होडीवर आधी एका विक्रेत्याकडून घेतलेलं जुनं साधं इंजिन होतं. ओहोटीत होडी बांधायच्या तरंगत्या बोयाला लागताना भाच्याने आणि मित्रांनी रिव्हर्स टाकला. इंजिन आकाशपाताळ एक करत ओरडलं, होडी निवांत पुढे गेली आणि शेजारच्या होडीवर नाळ, म्हणजे पुढचं टोक, घासली. यामाहाच्या टीला मिळणाऱ्या खास पंख्यात रिव्हर्सच्या वेळी धूर पात्यांवर न येता दुसरीकडून निघतो. मला विचाराल तर जास्तीचे पैसे यासाठीच मोजावेत. होडीला ब्रेक नसतो. रिव्हर्स हाच तिचा ब्रेक.

आता दांडा. आउटबोर्ड साधारण १५, २० आणि २५ इंची दांड्यात येतात. हाय थ्रस्टवालं बहुधा २० किंवा २५मध्येच मिळतं, म्हणून लांब दांडा म्हणजेच जास्त रेटा असा समज पसरला. दांडा लांब केल्याने रेटा एक किलोनेही वाढत नाही. तो फक्त पंखा पाण्यात ठेवतो. शिडाच्या होडीचं मागचं टोक लाटेवर उचललं जातं, त्यात कोणी दोर सोडायला पुढे नाळेवर गेलं की आणखी वर. पंखा हवेशी भिडला की इंजिन एकदम किंचाळतं. याला सगळे कॅव्हिटेशन म्हणतात. खरं नाव व्हेंटिलेशन. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावर दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होते, हवेचा तिथे संबंध नाही. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिचं काम हवा अडवण्याचं, तरी तिलाही लोक अँटी-कॅव्हिटेशन प्लेटच म्हणतात. दांड्याची लांबी मोजायची ती इंजिन अडकवायच्या कंसाच्या आतल्या वरच्या कडेपासून या पट्टीपर्यंत. मोटरबोटीत पट्टी तळाच्या जरा खाली असली तरी भागतं, शिडाच्या होडीत ती बरीच खोल हवी.

म्हणजे हाय थ्रस्ट पण तोकडा दांडा, हे फसलेलं इंजिन. लांब दांडा पण साधा पंखा, हे निम्मं बरोबर. तिसरी एक गंमत: तोहात्सू कंपनीचं ६ हॉर्सपॉवरचं सेलप्रो इंजिन शिडाच्या होडीसाठी म्हणून विकतात, रेट्याचं म्हणून विकतात. पण त्याचा गिअर त्याच मालिकेतल्या इतर इंजिनांसारखाच आहे. फरक आहे कमी पिचच्या पंख्यात, २५ इंची दांड्यात आणि बॅटरी चार्जिंगमध्ये. हाय थ्रस्ट हा शब्द कोणी गिअरसाठी वापरतं, कोणी नुसत्या पंख्यासाठी. विक्रेत्याला सरळ विचारावं: गुणोत्तर किती, पंख्याचा व्यास किती, पिच किती. जो या तिन्हींना उत्तर देतो त्याच्याकडून घ्यावं.

यातूनच स्वस्त वाटही निघते. हातात साधं इंजिन असेल तर ते विकण्याआधी पंखा बदलून पाहा. पिच एक इंचाने उतरवलं की पूर्ण थ्रॉटलचे फेरे दीडशे-दोनशेने वाढतात. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं टॅकोमीटर मिळतं, त्यावर मोजता येतं. मोठ्या व्यासाचा पंखा मात्र साध्या इंजिनाच्या पायात मावत नाही, त्यामुळे टीची पूर्ण बरोबरी होणार नाही. आणि तेच इंजिन रबरी डिंगीलाही लावायचं असेल तर टी मुळीच घेऊ नका. हलक्या होडीवर ते बैलगाडीसारखं चालेल.

एक राहिलंच: ९.९ हवंच कशाला? ठोकताळा असा की टनाला चार हॉर्सपॉवर. यांची होडी टनभराची. सहा पुरे. एफ ९.९ चाळीस किलोंचं, टी पन्नाशीकडे झुकणारं. ते होडीच्या अगदी शेपटाला टांगायचं म्हणजे पोराला दाराला लोंबकळू देण्यासारखं. तोहात्सूची ४, ५ आणि ६ ही तिन्ही इंजिनं एकाच १२३ सीसीच्या सिलिंडरवर उभी आहेत, वजन जवळपास सारखं. त्यामुळे चारवर थांबून वजन वाचत नाही.

विजेच्या मोटरबद्दलही त्याने विचारलं. त्यावर ५५ पाउंड थ्रस्ट असं छापलेलं असतं आणि ते हॉर्सपॉवरशी तोलायचा मोह होतो. हा रेटा मोटर जागच्या जागी बांधून मोजलेला असतो, साधारण २५ किलोंचा. बारा व्होल्टवर पन्नास अँपिअर घेतले तरी ६०० वॉट, म्हणजे एक हॉर्सपॉवरही नाही. शांत तलावात चालेल, खाडीच्या ओढीत नाही. तलावाचंही आधी विचारून घ्यावं: भोपाळच्या मोठ्या तलावात २०२३ साली राष्ट्रीय हरित लवादाने मोटरबोटींवर बंदी आणली.

भाच्याने दोन्ही पत्रकं बाजूला ठेवली आणि मुंबईतल्या मित्राला फोन लावला. होडीच्या मागच्या फळीची पाण्यापासूनची उंची मोजून कळव म्हणाला, आणि मोजताना एकाला नाळेवर उभं कर.