‘विलापिका’ म्हणजे नक्की कुणाचा शोक?

शोकातून काव्य जन्मलं ती क्रौंचवधाची गोष्ट ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा, तेव्हा ती सोडून पुढे जाऊ. जुन्या काव्यशास्त्राने एक रेघ आखून ठेवली होती: गेलेलं माणूस पुन्हा भेटेल अशी आशा उरली असेल तर तो विप्रलंभ, म्हणजे विरहाचा शृंगार, नसेल तर करुण रस. संतांनी ही रेघ फारशी जुमानली नाही. समाधी म्हणजे मरण नव्हे असं मानणारी मंडळी, पण १२९६ सालच्या आळंदीच्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग वाचावेत, सगळे ढसाढसा रडत आहेत. तुकोबांचं उलट. १६३० च्या दुष्काळात बायको ‘अन्न अन्न’ करत गेली, हे त्यांनी एका चरणात उरकलं.

खरा गुंता इंग्रजी शिक्षणाबरोबर आला. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथून बाहेर पडलेल्या पिढ्यांनी ‘एलेजी’, म्हणजे इंग्रजीतली शोककविता, वाचली आणि तिला मराठी नाव हवं झालं. ‘शोकगीत’ होतं, पण प्रतिष्ठा मिळाली ‘विलापिके’ला. ही निवड मला आजही चुकीची वाटते. मुळात ग्रीकांकडे एलेजी हे एका छंदाचं नाव. त्यात प्रेमही चाले, युद्धही. आपल्या विद्यार्थ्यांपुढे होती ती थॉमस ग्रेची १७५१ सालची, खेड्यातल्या कबरस्तानावरची. तिच्यात कवी मेलेल्यांपैकी कुणालाही हाक मारत नाही. अनोळखी मेलेल्यांबद्दल संध्याकाळी एकटाच विचार करत बसतो.

विलाप म्हणजे तर हाक. ‘कुमारसंभवा’त रती जळून गेलेल्या मदनाशी बोलते, ‘रघुवंशा’त अज इंदुमतीशी. समोरचा ऐकत नाही हे कळूनही संबोधन सुटत नाही. ‘विलापिका’ या एका शब्दात हाक मारणं आणि एकट्याने चिंतन करणं दोन्ही कोंबलं गेलं, वर ‘इका’ लावून शोक नाटिकेसारखा आटोपशीर करून टाकला.

परिणाम असा की मृत बाळाला निजलेलं समजून आसपासच्यांना दटावणाऱ्या आईची गोविंदाग्रजांची ती प्रसिद्ध कविता, ‘राजहंस माझा निजला’, आणि कवीचं स्वतःच्याच मरणाबद्दलचं चिंतन समीक्षेत एकाच खणात बसले. तो प्लेग आणि १९१८ च्या तापाच्या साथीचा काळ. असं घर दर गल्लीत होतं. पण चर्चा रंगली ती दुःखातून आनंद कसा मिळतो यावर.

जात्यावरच्या बाया या चर्चेत नव्हत्याच. आई गेली की माहेर तुटतं, हे ओवीत शेकडो वेळा येतं. पुढे अशा लाखाहून अधिक ओव्या गावोगाव फिरून टिपल्या गेल्या. खानदेशातल्या एका निरक्षर शेतकरणीने, बहिणाबाई चौधरींनी, वैधव्याबद्दल म्हटलं की कुंकवाखाली लपलेली कर्माची रेघ, कुंकू पुसल्यावर उघडी पडली. त्यांच्या कवितांचा संग्रह छापला गेला १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर.

साठोत्तरी काळात दुःख पुन्हा एकट्याचं झालं: संध्याकाळ, पाऊस, आई, गूढ प्रतिमा. त्याच सुमारास दलित कवितेने ‘दुःख’ बाजूला सारून ‘वेदना’ पुढे आणली. पालीत वेदना म्हणजे कुठलीही जाणीव, सुखाचीसुद्धा. इथे मात्र अर्थ असा की ही कुणीतरी दिलेली आहे, आणि देणाऱ्याकडे बोट दाखवता येतं. गेल्या शतकातला मोठा बदल हाच, सौंदर्यशास्त्राच्या वादापेक्षा कितीतरी मोठा.

जुना विलाप मात्र संपला नाही. तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘प्रथम पुण्यस्मरण’च्या चौकटीत आहे: फोटो, हार, चार यमकी ओळी, थेट ‘तुम्ही’ म्हणून संबोधन, खाली ‘शोकाकुल: समस्त परिवार’. ओळी बहुधा तयारच असतात. मजकूर घ्यायला बसलेला पोरगा विचारतो, वडिलांसाठीच्या देऊ की आईसाठीच्या?