एचआयव्ही असला तरी हिपॅटायटिस सी बरा होतो

‘एचआयव्ही असेल तर हिपॅटायटिस सी बरा होत नाही’, हा समज अजून फिरतो. त्याला जुना आधार आहे: इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिन 48 आठवडे घेऊनही एचआयव्ही असलेले निम्म्याहून कमी रुग्ण बरे होत. आता सोफोसबुव्हिरसोबत डॅक्लाटास्विर किंवा वेल्पाटास्विरच्या गोळ्या साधारण 12 आठवडे घेतल्या की 90 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात, एचआयव्ही असो वा नसो. मात्र एचआयव्हीच्या चालू गोळ्या डॉक्टरांना जरूर दाखवा. एफाविरेन्झ या एचआयव्हीच्या औषधाबरोबर वेल्पाटास्विर चालत नाही.

खात्री कशी करायची? औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी आरएनए चाचणी (रक्तात विषाणू आहे का, हे पाहणारी) करा. विषाणू सापडला नाही, म्हणजे आजार गेला. अँटिबॉडी चाचणी विषाणू नव्हे, तर त्याच्याविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं शोधते; त्यामुळे ती पुढेही पॉझिटिव्हच येते, तिला घाबरू नका.