फायबर टाकलं म्हणून रिंगा कमी करू नका

'स्टील फायबर घातलंय, कॉलमच्या रिंगा लांब लांब चालतील.' कोल्हापुरात हे साइटवर सर्रास चालतं, आणि ते साफ चूक आहे. स्टील फायबर म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे पोलादी तारेचे बारीक तुकडे; रिंगा म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवती बांधलेल्या आडव्या सळ्या. तडा जाईपर्यंत फायबर जवळपास निवांत असतं. तडा गेला की दोन्ही काठ धरतं आणि उपटता उपटता धक्क्याची ऊर्जा जिरवतं. पण भूकंपात कॉलमच्या टोकाशी उभ्या सळ्या वाकून बाहेर फुगतात. त्यांना आवळतात त्या रिंगाच: अंतर जास्तीत जास्त १०० मिमी, रिंगेच्या टोकाचा हूक १३५ अंशांत वाकवलेला. ९० अंशांचा हूक कव्हर (सळ्यांवरचं काँक्रीट) उडालं की उघडतो. आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या शेजारचाच.

शिरोलीतल्या फाउंड्रीच्या फरशीला मात्र घनमीटरला २०–४० किलो फायबर उत्तम. एकदम ओतलं तर गोळे होतात, थोडं थोडं टाका. माल घट्ट वाटला तर पाणी नको, सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा.