पेटीला पट्ट्या आहेत, म्हणून ती पियानोची बहीण?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत उभं राहूनही लोक ठासून सांगतात: पेटी आणि पियानो एकाच वर्गातले, दोन्हींना काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आहेत ना!

नाही. वाद्याची जात बोटं कुठे पडतात यावरून ठरत नाही, नाद कशातून उठतो यावरून ठरते. नाट्यशास्त्रातले चार वर्ग तसेच आहेत: तत तारांचं, सुषिर हवेचं, अवनद्ध कातड्याने मढवलेलं आणि घन, म्हणजे झांजेसारखं ठोस अंगाचं. पेटीत भात्याची हवा पितळी रीडमधून, म्हणजे पातळ जिभेसारख्या पात्यावरून जाते, रीड थरथरते. म्हणून पेटी सुषिर, सनई-बासरीच्या पंगतीतली. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. म्हणजे तो सतार-तंबोऱ्याच्या घरातला! (२०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्याला हा पाहुणा कितपत रुचेल, कोण जाणे.)

ही चौकट पाश्चात्त्यांची, हाही गैरसमजच. हॉर्नबॉस्टेल आणि झाक्स या पाश्चात्त्य अभ्यासकांचं वाद्यांचं वर्गीकरण १९१४ चं. नाट्यशास्त्र त्याच्या कित्येक शतकं आधीचं.

आणि जलतरंग? नावात पाणी असलं तरी वाजतात वाट्या. तो घन.