पॉपकॉर्न सीलिंग काढताना: लेडचं १९७८ वेगळं, ॲस्बेस्टॉसचं वेगळं

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात साठ-सत्तरच्या दशकातलं घर घेतलं की नव्या मालकाचं लक्ष लवकरच छताकडे जातं. खरबरीत, दाणेदार, धूळ धरणारं पॉपकॉर्न सीलिंग. ते खरवडून छत गुळगुळीत करायचं ठरतं, ओळखीतल्या चार जणांना विचारलं जातं आणि उत्तरं ठरलेली येतात. "घर १९७८ नंतरचं आहे ना? मग बिनधास्त काढा." किंवा "लेडची टेस्ट निगेटिव्ह आली ना? मग कशाला घाबरता?" ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि चूक एकाच जागी आहे. लेडचा, म्हणजे रंगातल्या शिशाचा, नियम उचलून ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाला लावला जातो.

लेडबद्दल फार सांगायची गरज नाही. अमेरिकेत १९७८ पूर्वीचं घर घेतलेल्या प्रत्येकाने त्याचं माहितीपत्रक घेऊन सही केलेली असते, आणि लहान मूल असेल तर डॉक्टरांनी अनेकदा त्याच्या रक्तातलं शिसं तपासलेलं असतं. घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात ते असू शकतं, मुख्यतः खिडक्या, दारं आणि कठड्यांच्या जुन्या रंगात. रंगाची पूड मुलांच्या हाताला लागते आणि हातावाटे पोटात जाते. इतकं बहुतेकांना पक्कं माहीत असतं.

आता छताकडे या. शिसं रंगात असतं. ॲस्बेस्टॉस रंगात नसतं, ते त्या दाणेदार थरातच मिसळलेलं असतं. थर फवारण्याआधी जे मिश्रण कालवलं जायचं, त्यातच अनेकदा ॲस्बेस्टॉसचे क्रायसोटाइल जातीचे तंतू घातलेले असायचे, बहुतेकदा काही टक्के. कायद्याच्या दृष्टीने एक टक्क्याहून जास्त प्रमाण असलं की तो माल ॲस्बेस्टॉसचा. म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली लेडची कांडी छतावर घासून ती लाल झाली नाही, यावरून ॲस्बेस्टॉसबद्दल काहीही कळत नाही. कांडी शिसं शोधते, तंतू शोधत नाही. तरीही "टेस्ट केली, क्लीन आहे" असं सांगणारी माणसं मला सतत भेटतात, आणि कसली टेस्ट केली हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

खरा घोळ १९७८ या आकड्याचा आहे. हा आकडा दोन्हीकडे येतो, म्हणूनच माणसं फसतात.

लेडच्या बाबतीत १९७८ ही बऱ्यापैकी स्वच्छ रेघ आहे. घर त्यानंतर बांधलेलं असेल तर भिंतीवरच्या रंगात शिसं असेल असं कुणी धरत नाही. विक्रेत्याने माहिती देण्याचा कायदा, कंत्राटदारांसाठीचे नियम, सगळं याच रेघेवर बेतलेलं आहे.

ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत अशी रेघ कधी ओढलीच गेली नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १९७३ साली ॲस्बेस्टॉसची फवारणी थांबवली खरी, पण ती आगरोधक आणि उष्णतारोधक थरांपुरती. शोभेसाठी छतावर जो थर फवारतात तो त्या बंदीतून सुटला होता. पॉपकॉर्न सीलिंग नेमकं हेच. पुढची पाच वर्षं ते कायद्याने फवारलं जात राहिलं. १९७८ साली नियमाची व्याप्ती वाढवली आणि शोभेची फवारणीही त्यात आली. पण तयार होऊन बसलेला माल एका दिवसात नाहीसा झाला नाही, उरलेला साठा ऐंशीच्या दशकातही वापरला गेला. म्हणूनच या क्षेत्रातली जाणती माणसं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतचं कुठलंही पॉपकॉर्न सीलिंग तपासल्याशिवाय खरवडू देत नाहीत. १९८१ च्या घरात लेडचा प्रश्न संपलेला असतो, ॲस्बेस्टॉसचा संपलेला नसतो.

"सत्तरच्या दशकात अमेरिकेने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली" हे वाक्यही मला खटकतं, कारण ते खरं नाही. एकेका वापरावर तुकड्यातुकड्याने बंदी येत गेली. १९८९ साली ईपीएने जवळपास संपूर्ण बंदीचा नियम काढला, तर १९९१ साली न्यायालयाने त्याचा मोठा भाग रद्द केला. क्रायसोटाइलच्या उरलेल्या वापरावर बंदीचा नियम यायला २०२४ उजाडलं. त्यामुळे "अमुक सालानंतर निर्धास्त" असं एखादं साल शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणि साल तरी कशाचं बघायचं? कागदावर घराचं साल असतं, छताचं नसतं. १९२८ चं प्लास्टरचं घर असतं, १९७० च्या आसपास कुण्या मालकाला छताच्या भेगा झाकायच्या असतात, तो वरून पॉपकॉर्न फवारून घेतो. किंवा पन्नासच्या दशकातल्या घराचं तळघर १९७६ साली राहण्याजोगं केलं जातं आणि फक्त तिथलंच छत फवारलं जातं. पहिल्या उदाहरणातलं छत तर दुहेरी अडचणीचं. दाण्यांच्या खाली जुन्या प्लास्टरवर लेडचा रंग असू शकतो, आणि खरवडायची पाटी जरा जोरात चालवली तर दोन्ही एकदम सुटतात. अशा घरात दोन्ही तपासण्या कराव्या लागतात.

हाच घोळ कागदपत्रांत शिरतो आणि तिथे तो महागात पडतो. १९७८ पूर्वीच्या घरात पैसे घेऊन रंग खरवडणाऱ्या कंत्राटदाराला २०१० पासून लेडचं ईपीए प्रमाणपत्र लागतं. हे प्रमाणपत्र गाडीवर चिकटवलेलं दिसलं की लोकांना वाटतं, हा माणूस जुन्या घरातलं सगळं सुरक्षितपणे काढणार. त्या प्रमाणपत्राचा ॲस्बेस्टॉसशी काडीचा संबंध नाही. ॲस्बेस्टॉस काढण्याचं प्रशिक्षण आणि परवाने वेगळे असतात, आणि त्यांचे नियम राज्याराज्यांत बदलतात. विक्रेत्याचंही तसंच. १९७८ पूर्वीच्या घरात लेडची माहिती देणं देशभर सक्तीचं आहे, ॲस्बेस्टॉससाठी तसा देशव्यापी कायदा नाही. घर घेताना केलेल्या नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्येही ॲस्बेस्टॉसची तपासणी साधारणपणे नसते. कागदांच्या गठ्ठ्यात ॲस्बेस्टॉसचा उल्लेख नाही, याचा अर्थ बहुधा इतकाच की कुणी पाहिलेलं नाही.

अपाय कसा होतो, हाही फरक नीट समजून घ्यायला हवा. शिसं मुख्यतः पोटात जाऊन बाधतं, सर्वांत जास्त लहान मुलांच्या मेंदूला, आणि रक्ताच्या तपासणीत लगेच दिसतं. ॲस्बेस्टॉस श्वासातून जातं. तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, तासन् तास हवेत तरंगतात, फुप्फुसात रुतून बसतात, आणि त्यातून होणारे आजार, फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा (फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर), अनेकदा काही दशकांनी उद्भवतात. आज तंतू आत गेले की नाही हे सांगणारी रक्ततपासणी नाही. म्हणून "आम्ही सगळं छत स्वतः काढलं, कुणाला काही झालं नाही" या अनुभवाला मी शून्य किंमत देते. एकदाच्या कामाने आजार होईलच असं नाही, धोका किती तास आणि किती धूळ यावर अवलंबून असतो. पण पुढच्या वर्षी ठणठणीत असणं हा कशाचाच पुरावा नाही.

आपल्याकडून आणखी एक युक्तिवाद नेहमी येतो: "गावी आम्ही सिमेंटच्या पत्र्याखालीच वाढलो." त्या पत्र्यात बहुतेकदा ॲस्बेस्टॉस असतं, आणि भारतात तो पत्रा आजही विकला जातो. पण पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले असतात. तो फोडला, कापला, भोकं पाडली किंवा झिजला की तंतू सुटतात, आणि तो धोका खराच आहे. पॉपकॉर्न सीलिंग मात्र कोरडं असताना नुसत्या बोटांनी चुरगळतं. त्याच्या बाबतीत हात लावणं आणि फोडणं यांत फारसं अंतर नसतं. बारशाच्या पाळण्याचा हुक, गणपतीच्या सजावटीसाठी टोचलेल्या पिना, पंख्यासाठी पाडलेलं भोक, या सगळ्यातून थोडी पूड खाली येतेच.

मग करायचं काय? आधी काहीच खरवडायचं नाही. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा, जिला या तपासणीची मान्यता आहे अशा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते तंतूंची जात आणि टक्केवारी लिहून देतात, आणि खर्च छताच्या कामापुढे किरकोळ असतो. नमुना प्रशिक्षित माणसाकडून घेणं उत्तम, आणि जो काढायचं काम करणार त्याच्याकडून नमुना घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. एकाच जागेचा नमुना पुरत नाही, कारण मिश्रण सगळीकडे सारखं नसतं. शाळांसाठीच्या नियमांत फवारलेल्या थराच्या हजार चौरस फुटांपर्यंत किमान तीन नमुने सांगितले आहेत, घरासाठीही तेच माप धरा. वेगवेगळ्या काळात फवारलेल्या खोल्या वेगळ्या मोजा.

एक गोष्ट हमखास सुटते. दाण्यांच्या खाली ड्रायवॉलचे (जिप्समच्या फळ्यांचे) सांधे भरणारी जी लुकण असते, तिच्यातही ॲस्बेस्टॉस असायचं. ग्राहकांसाठीच्या अशा लुकणीवर १९७७ साली बंदी आली. वरचा थर स्वच्छ निघाला म्हणून खालचे सांधे सँडपेपरने घासायला घेतले तर धूळ तिथून उडते. नमुना तळापर्यंतचा घ्या आणि दोन्ही थर वेगळे तपासायला सांगा.

अहवाल स्वच्छ आला तर काम सोपं आहे. कोमट पाणी पंपाने मारा, मुरू द्या, रुंद पाटीने हलक्या हाताने ओढा. वरून ऑइल पेंट किंवा लॅटेक्सचे थर दिलेले असतील तर पाणी मुरत नाही, मग खरवडण्याचा हट्ट सोडून वरून पातळ ड्रायवॉल मारलेला बरा.

अहवालात ॲस्बेस्टॉस निघालं तर "ओलं केलं की चालतं" या सल्ल्यावर विसंबू नका. ओलं करणं ही त्या कामाची एक पायरी आहे. खोली प्लास्टिकने सील करणं, हवेचा दाब कमी राखणं, हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारी) गाळणी, योग्य मास्क, पिशव्यांची ठरलेली विल्हेवाट आणि शेवटी हवेची तपासणी, हे उरलेलं काम पाण्याने होत नाही. घरातला साधा व्हॅक्यूम तर अजिबात लावू नका, त्याच्या मागच्या बाजूने तंतू पुन्हा खोलीत येतात. छत धड असेल, गळती नसेल, पोपडे सुटत नसतील, तर ते आहे तसं राहू देणं हाही पूर्ण शहाणपणाचा निर्णय आहे, आणि ईपीएही हेच सांगते. मला स्वतःला वरून ड्रायवॉल मारणं सर्वांत पसंत आहे. तेही परवानाधारकाकडूनच करून घ्या, कारण स्क्रू मारतानाही थर हलतो. आणि आत काय झाकलं आहे ते घराच्या कागदांत लिहून ठेवा, म्हणजे पुढचा मालक पंखा लावताना आंधळेपणाने भोक पाडणार नाही.