‘पोटात तुटतं’ तेव्हा मेंदूत काय होतं?

मूल्यशिक्षणाचा तास म्हणजे एक गोष्ट, तिचं तात्पर्य आणि ते लक्षात राहिलं का याची तपासणी. चांगलं काय ते सांगितलं की मुलं चांगली वागतील, असा त्यामागचा समज. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने त्याला चांगलाच धक्का दिला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधला चांगला शोमरोनी, म्हणजे रस्त्यात पडलेल्या अनोळखी जखमी माणसाला उचलणारा वाटसरू. वाटेत एका दाराशी एक माणूस कण्हत, खोकत बसला होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी मदत केली. ‘उशीर झालाय’ असं सांगून पिटाळलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. भाषणाच्या विषयाने पडलेला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मग कळवळा येतो कुठून? २००४ मध्ये तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर केलेला प्रयोग मला फार आवडतो. स्त्री मेंदूची हालचाल टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. विजेचा झटका कधी तिच्या हाताला, कधी त्याच्या. दोन्ही वेळा तिच्या मेंदूतले, वेदनेची बोच जाणवण्याशी जोडलेले दोन भाग सक्रिय झाले: इन्सुलाचा पुढचा भाग आणि सिंग्युलेटचा काही भाग. वेदना नेमकी कुठे होतेय हे टिपणारा संवेदन-पट्टा मात्र स्वतःला झटका बसला तरच. म्हणजे दुसऱ्याच्या दुखण्यातली बोच आपल्यापर्यंत पोचते, जागा पोचत नाही. इन्सुला हा मेंदूच्या खोल घडीत दडलेला भाग. छातीतली धडधड, पोटातली कालवाकालव अशा शरीराच्या आतल्या खबरा त्याच्याकडे येतात. दुसऱ्याचं दुःख पाहून ‘पोटात तुटलं’ असं मराठीत म्हणतात, ते किती नेमकं आहे!

पण नुसतं तुटून भागत नाही. पुढे ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी काही जणांना आधी इतरांचं दुःख स्वतः अनुभवण्याचा सराव दिला. दुःखाच्या चित्रफिती पाहताना त्यांचा त्रास वाढला. मग त्याच लोकांना समोरच्याचं भलं चिंतण्याचा, म्हणजे करुणेचा सराव दिला. आता प्रसन्न भावना वाढल्या, आणि मेंदूत व्हेंट्रल स्ट्रायटमसारखे (सुखद अनुभवांशी जोडलेला भाग) वेगळेच भाग पुढे आले. सहवेदना आणि करुणा या दोन वाटा आहेत. पहिलीवरच अडकलेलं माणूस बहुधा नजर फिरवतं.

‘मुलांच्या मिरर न्यूरॉन्सना चालना देतो’ अशा जाहिरातींना भुलू नका. स्वतः कृती करताना आणि दुसऱ्याला तीच करताना पाहताना, दोन्ही वेळा सक्रिय होणाऱ्या या चेतापेशी १९९०च्या दशकात माकडांमध्ये, वस्तू पकडण्याच्या हालचालींच्या अभ्यासात सापडल्या. त्या सहानुभूतीचं बटण आहेत, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही.

वर्गात एकाने दुसऱ्याचं चित्र फाडलं. ‘सॉरी म्हण’ हे झटपट होतं, आणि तितकंच झटपट विरतं. त्याऐवजी बाई म्हणतात, “त्याच्या चेहऱ्याकडे बघ. दोन दिवस खपून काढलं होतं त्याने. आता काय करता येईल, ते त्यालाच विचार.” आपल्या वागण्याचा समोरच्यावर झालेला परिणाम असा दाखवून देण्याला मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन ‘इंडक्शन’ म्हणतात. शेवटचं ‘त्यालाच विचार’ मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. शिक्षणाच्या तत्त्वज्ञ नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये मांडलं, की समोरच्यापर्यंत पोचल्याशिवाय काळजी पुरी होत नाही.

फाडणारा कोरा कागद घेऊन जातो. चित्रवाला मान हलवतो. “नवा नको. हाच चिकटवायचाय.” मग दोघं डिंकाची बाटली शोधायला लागतात.